कात्सुनुमा : द्राक्षमळ्यांतले गाव आणि तिथला विहार

जपान म्हटले की आपल्याला टोकियो आठवते, हिरोशिमा आठवते, घड्याळे, रेडिओ आणि वाऱ्याच्या वेगाने पळणारी आगगाडी आठवते. बौद्ध राष्ट्र म्हणून जपानचे नाव निघाले तर नारा आणि कामाकुरा येथील भव्य बुद्धमूर्ती डोळ्यांसमोर येतात. त्यांची चित्रे आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर असतात. परंतु ज्या देशात धम्म हजार-दीड हजार वर्षे नांदला, त्या देशातल्या एखाद्या साध्या शेतकरी गावात तो कसा नांदला, तिथले लोक काय पिकवतात, विहाराशी त्यांचे नाते काय, हे आपल्याला फारसे कुणी सांगत नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत म्हणूनच आम्ही मुद्दाम एक लहान गाव निवडले आहे. त्याचे नाव कात्सुनुमा.

हेच गाव का? जपानात अशी हजारो गावे आहेत. पण नागपूरच्या इंदोऱ्यातून ज्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला, ज्यांनी बुद्धगयेच्या महाबोधी महाविहारासाठी आपल्या माणसांना रस्त्यावर आणले, त्या भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या आयुष्याची वाट या गावातून गेलेली आहे. ती हकीगत पुढे येईलच. आधी गाव पाहू.

टोकियोहून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर हे गाव आहे. यामानाशी हा तिथला प्रांत. जुन्या काळी त्याला ‘काई’ म्हणत, आणि ‘कोशू’ हेही त्याचेच दुसरे नाव. टोकियोकडून आगगाडीने निघाले की डोंगर जवळजवळ येऊ लागतात, दऱ्या अरुंद होतात आणि मग सासागोचा बोगदा लागतो. १९०३ साली हा बोगदा सुरू झाला तेव्हा साडेचार किलोमीटरहून अधिक लांबीचा तो जपानातला सर्वांत लांब बोगदा होता. आणखी काही बोगदे ओलांडून गाडी बाहेर पडते आणि एकदम समोर कोफूचे खोरे उघडते. आपल्याकडे कसारा घाट चढून वर आल्यावर जसा देश बदलतो ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे गाडी उंचावर असते आणि खोरे खाली पसरलेले असते. दूर पश्चिमेला बर्फाचे डोंगर. आणि स्टेशनपासून खाली नदीपर्यंत जिकडे पाहावे तिकडे द्राक्षांचे मांडव. घरांच्या अंगणात मांडव, रस्त्याच्या कडेला मांडव, शाळेच्या कुंपणाला लागून मांडव. या स्टेशनाचे नावही १९९३ साली बदलून ‘कात्सुनुमा-बुदोक्यो’ केले गेले. बुदो म्हणजे द्राक्ष.

ही जमीन मूळची चांगली नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी आणि हिकावा नदीने हजारो वर्षे दगडगोटे, रेती आणून टाकली आणि त्यांचे उतरते पंखाकृती मैदान तयार झाले. भूगोलाच्या पुस्तकात मुलांना जे ‘पंखाकृती मैदान’ शिकवतात, त्याचा नमुना म्हणून जपानी शाळांतून याच परिसराचा नकाशा दाखवतात. दगडगोट्यांच्या जमिनीत पाणी थांबत नाही. खाली झिरपून जाते. म्हणजे भात नाही. आणि जपानात ज्याच्याकडे भातखाचर नाही तो शेतकरी गरीब, असा शेकडो वर्षांचा हिशेब. सारा भातात मोजला जाई, माणसाची पतही भातात मोजली जाई. मग या लोकांनी काय केले? जे दगडात येते ते लावले. तुती लावली, रेशमाचे किडे पाळले. या भागातल्या जुन्या घरांचे छप्पर मध्येच वर उचललेले दिसते, जणू घरावर आणखी एक लहान घर बसवले आहे. तिथे उजेड आणि वारा यावा, रेशमाचे किडे जगावेत, यासाठी ती सोय. खाली माणसे, वर किडे. आपल्याकडे गोठा आणि घर एका छपराखाली असते त्यातलीच ही गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात रेशीम जगभर विकले गेले, पुढे त्याचा भाव पडला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तुतीची जागा फळबागांनी घेतली.

द्राक्षे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

गावाच्या पूर्वेला काशिवाओ नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी दाईझेनजी हा विहार. ‘जी’ म्हणजे विहार. हा शिंगोन पंथाचा, म्हणजे महायानातील मंत्रयानी परंपरेचा. लोक त्याला कौतुकाने ‘बुदोदेरा’, द्राक्षविहार म्हणतात. सांगतात असे की इ.स. ७१८ साली ग्योकी नावाचे भिक्षू इथे आले, हिकावाच्या काठी एका खडकावर ध्यानाला बसले, आणि त्यांना हातात द्राक्षांचा घड घेतलेले याकुशी बुद्ध दिसले. ग्योकींनी तशी मूर्ती घडवली, विहार उभारला आणि लोकांना औषध म्हणून द्राक्षवेल लावायला शिकवले. याकुशी म्हणजे संस्कृतात भैषज्यगुरू, औषध देणारा बुद्ध.

ही कथा आपण जशीच्या तशी स्वीकारावी असे आम्हाला वाटत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीला पटेल तेच घ्यायला शिकवले आहे. अभ्यासक सांगतात की इथली मुख्य मूर्ती साधारण नवव्या शतकातली आहे. आणि ग्योकींचे निधन तर ७४९ साली झालेले. म्हणजे ही मूर्ती त्यांच्या हातची असू शकत नाही. जपानभर शेकडो विहार ‘आमचा विहार ग्योकींनी स्थापला’ असे सांगतात. एक माणूस किती ठिकाणी जाणार?

पण ग्योकी हा माणूस खरा होता, आणि त्याचा इतिहास दंतकथेहून मोठा आहे. इ.स. ६६८ चा त्यांचा जन्म. त्या काळी जपानात भिक्षूंनी विहारात राहून राजासाठी आणि दरबारासाठी सूत्रपठण करावे, असा दंडक होता. ग्योकी विहाराबाहेर पडले. गोरगरिबांत जाऊन धम्म सांगू लागले, आणि नुसते सांगून थांबले नाहीत. लोकांना बरोबर घेऊन त्यांनी पूल बांधले, तळी खोदली, वाटसरूंसाठी निवारे उभारले. सरकारला हे रुचले नाही. ७१७ साली त्यांच्याविरुद्ध सरकारी हुकूम निघाला. तरी माणसे त्यांच्या मागे जातच राहिली. शेवटी नारा येथील प्रचंड बुद्धमूर्तीसाठी पैसा आणि माणसे उभी करायची वेळ आली तेव्हा त्याच सरकारला ग्योकींची आठवण झाली आणि ७४५ साली त्यांना भिक्षूसंघातले सर्वोच्च पद देण्यात आले. कात्सुनुमाच्या शेतकऱ्यांनी आपल्या वेलीचे श्रेय एखाद्या राजाला किंवा सरदाराला दिले नाही, या लोकांच्या भिक्षूला दिले. कथा खोटी असली तरी तिची निवड खरी आहे, असे आम्ही म्हणू.

कागदोपत्री पुरावा मागायचा तर तोही आहे. विहाराजवळच्या टेकडीवर १९६२ साली जमिनीत पुरलेले धातूचे सूत्रपात्र सापडले. त्यावर कोरलेला लेख ११०३ सालचा आहे. पुढच्या काळातल्या माणसांसाठी धम्मग्रंथ जपून राहावेत म्हणून ते लिहून, पात्रात घालून पुरून ठेवण्याची तेव्हा पद्धत होती. आणि विहाराची मुख्य इमारत, याकुशी-दो, तिच्या लाकडावर १२८६ साल कोरलेले आहे. आज यामानाशी प्रांतातली ती सर्वांत जुनी इमारत असून जपान सरकारने तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केले आहे. सातशेहून अधिक वर्षे, भूकंपाच्या देशात, लाकडाची इमारत! रंग नाही, सोने नाही. सायप्रस जातीच्या झाडाच्या सालीचे जाड छप्पर आणि करडे पडलेले खांब.

आता द्राक्षांविषयी. गावात आणखी एक कथा आहे, ती ११८६ सालची. आमेमिया नावाच्या शेतकऱ्याला डोंगरात एक निराळीच वेल सापडली, ती त्याने आणून लावली, तीच ही ‘कोशू’ द्राक्षे. विहारवाले ग्योकींची कथा सांगतात, शेतकरी आमेमियाची. भांडण काही मिटलेले नाही. विज्ञानाने मात्र दोघांच्याही मागे जाऊन पाहिले. हिरोशिमा भागातल्या मद्यनिर्मिती संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या वेलीचे डीएनए तपासले तेव्हा असे दिसले की तिचे मूळ बरेचसे युरोप-पश्चिम आशियातल्या द्राक्षात आहे आणि त्यात चीनमधल्या रानटी द्राक्षाचा अंश मिसळलेला आहे. म्हणजे कास्पियन समुद्राकडून, मध्य आशियातून, चीन ओलांडून ही वेल जपानच्या या दगडाळ उतारावर पोचली. भारतातून निघालेला धम्मही साधारण याच वाटेने जपानला गेला.

मांडवाची कथा तोकुहोन नावाच्या वैद्याच्या नावावर आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने वेल जमिनीवर न लोळवता बांबूच्या मांडवावर चढवायला शिकवले असे परंपरा सांगते. हा वैद्य औषधाच्या एका पुडीला अठरा मोन, म्हणजे काही चिल्लर नाणी, एवढेच घेई आणि गावोगाव फिरे अशी त्याची ख्याती. पुन्हा पाहा, औषध, गरीब आणि द्राक्ष या तीन गोष्टी इथे एकत्रच येतात. पावसाळी हवेत घड जमिनीपासून उंच राहिला, वारा खेळला, की तो सडत नाही. आपल्या नाशिक-तासगावच्या बागाईतदाराला हे वेगळे सांगायला नको.

विहाराच्या समोरून जुना हमरस्ता जातो. टोकियोला (तेव्हाच्या एदोला) काई प्रांताशी जोडणारा हा कोशू मार्ग. रस्त्याकाठचा विहार म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांचा आसरा. या आसऱ्याची एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

सोळाव्या शतकात काई प्रांतावर ताकेदा घराण्याची सत्ता होती. त्यांच्याच एका शाखेचे सरदार कात्सुनुमात राहत; त्यांच्या वाड्याचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. १५६० साली ताकेदा शिंगेन याने बंडाचा ठपका ठेवून या कात्सुनुमा सरदाराला ठार केले. घराणे संपले. त्या घरातली एक मुलगी, जिचा भाऊ असा मारला गेला, जिचा संसारही मोडला, ती दाईझेनजीत येऊन भिक्षुणी झाली. रिकेई हे तिचे नाव. बावीस वर्षे गेली. १५८२ साली शिंगेनचा मुलगा कात्सुयोरी याचा पराभव झाला. आपल्याच गढीला आग लावून बायको, कोवळा मुलगा आणि मूठभर माणसे घेऊन तो या रस्त्याने पळत निघाला. रात्र पडली तेव्हा तो दाईझेनजीच्या दारात आला. ज्याच्या बापाने आपले घर बुडवले, त्याला रिकेईने आत घेतले. त्या रात्री ही सारी माणसे याकुशीच्या समोर झोपली. ज्या सरदाराच्या भरवशावर ती पुढे निघाली होती त्याने दगा दिला, सासागोची खिंड बंद झाली, आणि काही दिवसांतच तेनमोकू डोंगराच्या पायथ्याशी कात्सुयोरीने सहकुटुंब मरण पत्करले. बायको एकोणीस वर्षांची होती, मुलगा सोळा.

या शेवटच्या दिवसांचा वृत्तांत रिकेईने लिहिला असे मानले जाते. ‘रिकेई-नी नो की’ म्हणजे रिकेई भिक्षुणीची नोंद, या नावाने तो ओळखला जातो. तिची समाधी विहाराच्या आवारातच आहे. आपल्या थेरीगाथेतल्या स्त्रियांनी आपले दुःख स्वतःच्या शब्दांत सांगितले. रिकेईने आपल्या शत्रूचे दुःख लिहून ठेवले. राजवाड्यातल्या बखरकारांनी लिहिलेल्या लढाया आपण खूप वाचतो. हरलेल्यांची शेवटची रात्र लिहिणारी बाई विरळा.

पुढे १८६८ साली याच रस्त्यावर, विहाराच्या अगदी शेजारी, शोगुनच्या बाजूची शेवटची माणसे आणि सम्राटाचे नवे सैन्य यांची चकमक झाली. शोगुनचे लोक हरले, आणि जपानात मेइजी राजवट आली. तिने पहिल्याच सपाट्यात बौद्ध विहार आणि शिंतो देवस्थाने एकमेकांपासून तोडली. अनेक ठिकाणी विहार मोडले, मूर्ती जाळल्या गेल्या. १८७२ साली सरकारने भिक्षूंना लग्न करण्याची, मांस खाण्याची मोकळीक दिली.

इथे थोडे स्पष्ट लिहिणे अगत्याचे वाटते. जपानचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. सतराव्या शतकापासून शोगुनच्या सरकारने प्रत्येक घराला कुठल्या ना कुठल्या विहारात नाव नोंदवणे सक्तीचे केले होते. विहार हे तेव्हा सरकारचे दफ्तर झाले आणि भिक्षू कारकून. आणि त्या दफ्तरात जपानच्या अस्पृश्यांची, ज्यांना आज बुराकू समाज म्हणतात त्यांची, नावे वेगळी ठेवली जात. इतकेच काय, मेलेल्या माणसाला भिक्षू जे धम्मनाम देतात, त्यातही कित्येक विहारांनी त्यांच्यासाठी हिणकस अक्षरे वापरली. म्हणजे मेल्यावरही जात चिकटलेलीच! १८७१ साली कायद्याने हा भेद रद्द झाला. पण १९२२ साली त्या लोकांना ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना काढावी लागली, आणि जपानी पंथांनी आपल्या थडग्यांवरची ती अपमानकारक नावे तपासायला घेतली ती १९८० च्या आसपास. बौद्ध देश म्हणजे आपोआप समतेचा देश, असे समजू नये. शिवाय लग्नाची मोकळीक मिळाल्यापासून विहार बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी वंशपरंपरेने चालणाऱ्या पुरोहितपणाविषयी काय म्हटले आहे ते ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही गोष्ट टोचल्याशिवाय राहणार नाही.

असो. गावाकडे परत येऊ.

मेइजी सरकारला युरोपसारखे उद्योग हवे होते. १८७७ साली कात्सुनुमाजवळच्या इवाई गावच्या शेतकऱ्यांनी आणि सावकारांनी भांडवल गोळा करून वाइनची कंपनी काढली आणि ताकानो व त्सुचिया या दोन पोरांना फ्रान्सला शिकायला धाडले. एक पंचविशीचा, दुसरा एकोणीस वर्षांचा. वर्षभरात विद्या शिकून यायचे, जास्त दिवस लागले तर खर्च तुमचा, असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. खेड्यातली पोरं, भाषा येत नाही, समुद्र कधी ओलांडलेला नाही! १८७९ साली दोघे परत आले आणि गावात वाइन होऊ लागली. पण आंबट वाइन जपानी जिभेला रुचेना, साठवणुकीचे तंत्रही पुरते जमेना. १८८६ साली कंपनी बंद पडली. त्यांची विद्या मात्र वाया गेली नाही; त्यातूनच पुढे घरोघरी लहान लहान भट्ट्या निघाल्या. शेतकरी लोक मोठ्या, पावणेदोन लिटरच्या बाटलीतून चहाच्या पेल्यात वाइन ओतून जेवणाबरोबर घेत. दुसऱ्या महायुद्धात तर नौदलाने या भट्ट्या सक्तीने चालू ठेवल्या. कारण काय, तर वाइनमध्ये तळाला जे टार्टरिक आम्ल बसते त्यापासून पाणबुड्या हुडकण्याच्या यंत्राचे स्फटिक तयार होत. औषधाची वेल शेवटी लढाईलाही जुंपली गेली.

या मळ्यांतले वर्षभराचे काम कसे असते? जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फाळ वाऱ्यात, काड्यांची छाटणी. एप्रिलमध्ये डोळे फुटतात. मे-जूनमध्ये फुलोरा, आणि तेव्हापासून घराघरातली माणसे मांडवाखाली. मांडव माणसाच्या डोक्याएवढा उंच, त्यामुळे दिवसभर हात वर आणि मान मागे. पिकाचा मोठा भार बायकांवर. ‘डेलावेअर’ या लहान मण्यांच्या द्राक्षाचा प्रत्येक घड हातातल्या पेल्यातल्या जिबरेलिनच्या द्रावणात बुडवायचा, फुलाआधी एकदा आणि नंतर एकदा. आपले द्राक्षबागाईतदार ‘जीए’ म्हणतात तेच हे. यामानाशीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडाचा देठ लांबावा, मणी दाटीने फुटू नयेत म्हणून हा प्रयोग चालला होता. पाहतात तो काय, द्राक्षात बीच नाही! मग ती रीत देशभर गेली. त्यानंतर विरळणी, आणि प्रत्येक घडावर कागदाची छोटी टोपी, पावसाचे पाणी उतरू नये म्हणून. हजारो घड, हजारो टोप्या. जुलै-ऑगस्टमध्ये तोडणी सुरू होते, आणि जुनी कोशू द्राक्षे सर्वांत शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तांबूस-गुलाबी, जाड सालीची. नोव्हेंबरात शेजारच्या एन्झान भागात घरांच्या वळचणीला सोललेली काकी फळे दोरीला बांधून वाळत घालतात. काकी हे आपल्या तेंदूच्या, टेंभुर्णीच्याच कुळातले फळ. अख्खी घरे नारिंगी पडद्यांनी झाकल्यासारखी दिसतात.

आता एक प्रश्न वाचकांच्या मनात केव्हाचा आला असेल. दाईझेनजीच्या विहाराचा स्वतःचा द्राक्षमळा आहे, त्याची वाइन होते, आणि येणाऱ्या पाहुण्यांना ती मिळते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग विहारात वाइन कशी?

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खन्धक. त्यात तथागतांनी भिक्खूंना आठ पेये घेण्याची परवानगी दिली आहे. आंबा, जांभूळ, केळ्याचे दोन प्रकार, मध, कमळकंद, फालसा आणि द्राक्ष. ‘मुद्दिकापान’ म्हणजे द्राक्षाचा रस. म्हणजे द्राक्षरस बुद्धांच्या संघात होता. आजारी भिक्खूसाठी औषधी तेलात अगदी थोडे मद्य चालेल, पण त्याचा रंग, वास, चव कळता कामा नये, इतकी बारीक अटही तिथे आहे. आणि मद्यपानाला मात्र स्पष्ट मनाई. कोसंबीत सागत थेरांना लोकांनी भक्तिभावाने मद्य पाजले आणि ते वेशीतच पडले, त्या प्रसंगावरून हा नियम झाला. रस आणि मद्य यांतली रेषा बुद्धांनी अशी आखून दिली आहे. जपानी लोक म्हणतात, आमची द्राक्षे औषध म्हणून आली, वाइन हा या गावचा घाम आहे, विहार गावापासून वेगळा कसा राहील? त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. पण दारूने आपल्या वस्त्यांतली किती घरे बसवली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा या बाबतीत दाईझेनजीचा कित्ता गिरवण्याचे आपल्याला काही कारण नाही. त्यांच्याकडून घ्यायचेच असेल तर दुसरे पुष्कळ आहे.

ते दुसरे म्हणजे दारात आलेल्याला आत घेणे.

१९३५ साली ओकायामा प्रांतातल्या डोंगराळ खेड्यात मिनोरू ससाई या मुलाचा जन्म झाला. युद्ध, उपासमार, आजारपण यांत बालपण गेले. तरुणपणी मन इतके खचले की जगण्यावरचीच इच्छा उडाली, आणि भटकत भटकत हा मुलगा कात्सुनुमाच्या डोंगरात येऊन पोचला. दाईझेनजीच्या प्रमुख भिक्षूंनी त्याला ठेवून घेतले. रिकेईच्या विहाराने आणखी एका हरलेल्या माणसाला जागा दिली. तिथूनच पुढचा मार्ग निघाला. त्याच रेल्वेमार्गावर टोकियोच्या बाजूला ताकाओ नावाचा डोंगर आहे. तिथल्या याकुओ-इन विहारात १९६० साली त्यांनी दीक्षा घेतली. नंतर थायलंड, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत. राजगृहाला फुजी गुरुजी विश्वशांती स्तूप उभारत होते, तिथे ते राहिले. मग नागार्जुनांनी आपल्याला नागपूरला जायला सांगितले, असा दृष्टान्त झाल्याचे ते स्वतः सांगत आले आहेत. दृष्टान्ताविषयी ज्याने त्याने आपले मत ठेवावे. नागपूरला त्यांना वामनराव गोडबोले भेटले, बाबासाहेबांची माणसे भेटली, आणि हा जपानी भिक्षू इंदोऱ्याचा होऊन गेला. १९८० च्या दशकात त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९९२ पासून महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात यावा म्हणून त्यांनी जे आंदोलन उभारले, त्यात गेलेली माणसे आपल्या वस्त्यांतही आहेत. त्यांच्याकडून ते ऐकावे.

कात्सुनुमात आता पूर्वीसारखी माणसे नाहीत. २००५ साली एन्झान आणि यामातो यांच्यासह ते कोशू शहरात विलीन झाले आणि कात्सुनुमा हे स्वतंत्र नगर म्हणून संपले. तिन्ही मिळून झालेल्या या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत तीस हजारांच्याही आत आली. तरुण पोरे टोकियोला जातात. म्हातारा-म्हातारी मांडवाखाली हात वर करून उभी असतात. ज्यांचे हात थकले त्यांचे मांडव रिकामे पडतात, तारा गंजतात, वेलीत रान माजते. दुसरीकडे २०१० साली ‘कोशू’ या द्राक्षाची वाइनच्या जागतिक संस्थेत नोंद झाली आणि बाहेरगावची काही तरुण जोडपी पडीक मळे कसायला येऊ लागली आहेत.

मे महिन्यात विहारात वेल तोडण्याचा उत्सव असतो. सापासारखी गुंडाळलेली जाड वेल उंचावर बांधतात, एक डोंगरी साधक चढून ती तोडतो, आणि खाली पडली की तुकड्यासाठी लोकांची झुंबड उडते. तो तुकडा घरात ठेवला की संकट टळते म्हणे! ही अंधश्रद्धाच. ऑक्टोबरात द्राक्षांचा उत्सव असतो तेव्हा विहारामागच्या डोंगरावर रात्री आग पेटवून शिंतो देवस्थानाच्या कमानीचा आकार उठवतात. १८६८ साली सरकारने तोडलेली जोडी गावाने आपल्या परीने जुळवून ठेवली आहे. याकुशी बुद्धांची मूर्ती एरवी बंद दारामागे असते, ठराविक वर्षांनीच ती दर्शनाला उघडतात. समोरचे अंगण मात्र रोज झाडले जाते, आणि हिवाळ्यात विहाराच्या मळ्यातही छाटणी चालू असते.